निर्जन बेटावरील गृहस्थाश्रम

२०२१ सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. साथीमुळे घराबाहेर पडण्याची सोय नव्हती आणि महाराष्ट्रातील दहावीची परीक्षा आधी लांबणीवर पडून शेवटी रद्दच झाली होती. आमचा भाचा त्या वर्षी दहावीला होता. वर्षभर केलेल्या अभ्यासाचे आता नेमके काय होणार, हे त्याला कोणीच सांगू शकत नव्हते. त्या दिवसांत तो संध्याकाळी संगणकासमोर बसून ‘माइनक्राफ्ट’ खेळत असे. एकदा आम्ही काही विचारायला गेलो, तर पडद्यावरून नजर न काढता तो म्हणाला, “मामा, थांब हं जरा, अंधार पडतोय. आधी दार लावून घेतो.” त्याने दार लावले, भिंतीवर एक मशाल खोवली, भट्टीत कोळसा टाकला आणि मग खुर्ची आमच्याकडे वळवली. पडद्यातल्या घराबाहेर कसले तरी हुंकार चालू होते. मुलाचा चेहरा मात्र कित्येक दिवसांत पाहिला नव्हता इतका निवांत होता.

त्या निवांतपणाचे कोडे पुढे बराच काळ आमच्या मनात राहिले. ज्या खेळात भूक आहे, थंडी आहे, रात्र आहे आणि रात्री येणारी भुते आहेत, त्या खेळात माणसाला शांत का वाटावे? प्रश्न वरकरणी संगणकीय खेळांचा आहे आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष का घालावे, अशी शंका काही वाचकांना येईल. पण उत्तर शोधू लागल्यावर आम्ही तीनशे वर्षे मागे, इंग्रजी कादंबरीच्या अगदी उंबरठ्यावर जाऊन पोहोचलो. ही शांतता संगणकाने निर्माण केलेली नाही. तिला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात तिची किंमतही नोंदलेली आहे.

प्रथम खेळांविषयी थोडे. ‘ओपन वर्ल्ड सर्व्हायव्हल क्राफ्टिंग’ असे लांबलचक नाव असलेल्या या प्रकारात खेळाडूला एका विस्तीर्ण, बहुधा निर्मनुष्य प्रदेशात रिकाम्या हातांनी सोडून दिलेले असते. ठरलेली वाट नसते, बहुतेक वेळा ठरलेली कथाही नसते. लाकूड तोडावे, त्यातून कुऱ्हाड करावी, कुऱ्हाडीने अधिक लाकूड आणावे, दगड फोडावा, निवारा उभारावा, अन्न मिळवून साठवावे, आणि हे सारे करताना मरू नये, एवढाच काय तो उद्योग. तग धरणे आणि घडवणे या दोन क्रियापदांत हा प्रकार सामावतो. या दोन क्रियापदांचा संसार गद्यात पहिल्यांदा इतक्या तपशिलाने कोणी मांडला असेल, तर तो डॅनियल डिफो याने.

डिफोच्या आधीही एक खराखुरा माणूस आहे. अलेक्झांडर सेलकर्क नावाचा स्कॉटिश खलाशी १७०४ साली कप्तानाशी भांडून पॅसिफिक महासागरातील हुआन फर्नांडेझ द्वीपसमूहाच्या एका निर्जन बेटावर उतरला आणि चार वर्षांहून अधिक काळ तेथे एकटा राहिला. १७०९ साली वुड्स रॉजर्सच्या जहाजांनी त्याला परत आणले. रिचर्ड स्टील या निबंधकाराने पुढे त्याच्याशी बोलून १७१३ साली त्याच्यावर एक लेख लिहिला. त्यात दोन गोष्टी लक्षात राहण्यासारख्या आहेत. सुरुवातीचा दीर्घ काळ सेलकर्क खिन्नतेने ग्रासलेला होता, पण झोपडी, शेळ्या, वाचन आणि प्रार्थना यांचा नित्यक्रम बसल्यावर त्याचे मन हळूहळू स्थिरावले. आणि परत आल्यावर, गाठीला आठशे पौंड असताना, तो म्हणत असे की कवडीही जवळ नव्हती तेव्हा आपण जितके सुखी होतो तितके आता कधीच होणार नाही.

हे वाक्य सेलकर्कचे किती आणि स्टीलचे किती, हा वाद बाजूला ठेवू. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या वाचकाला ते पटण्यासारखे वाटले, हे अधिक महत्त्वाचे आहे. त्या वाचकांपैकी डिफो हा एक व्यापारी होता. १६९२ साली त्याचे दिवाळे निघाले होते आणि त्या वेळी त्याच्या डोक्यावर सतरा हजार पौंडांचे कर्ज होते. १७०३ साली एका उपरोधिक पत्रकापायी लंडनच्या चौकात खोड्यात अडकून उभे राहण्याची शिक्षाही त्याने भोगली होती. सावकार, राजकारण आणि बदनामी यांनी पिचलेल्या या माणसाने साठीच्या उंबरठ्यावर, १७१९ साली, ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिली. तिच्या नायकाला त्याने अठ्ठावीस वर्षे अशा जागी ठेवले जिथे एकही सावकार येऊ शकत नव्हता.

आपल्यापैकी अनेकांनी ही कादंबरी शाळकरी वयात एखाद्या संक्षिप्त रूपांतरातून वाचलेली असते आणि त्यामुळे ती साहसकथा म्हणून लक्षात राहिलेली असते. मूळ पुस्तक पुन्हा वाचले की ध्यानात येते की त्यात साहस थोडे आणि घरकाम फार आहे. फुटलेल्या जहाजावरून क्रूसो सुताराची पेटी आणतो. कुंपण घालतो, गुहा खोदतो, शेळ्या माणसाळवतो, पुन्हा पुन्हा फसत मातीची भांडी भाजतो. गुहेत एक लांब फळी हवी म्हणून तो बेचाळीस दिवस खपतो आणि वर नोंदवतो की दोन करवत्यांनी अवजारे वापरून त्याच झाडाच्या सहा फळ्या अर्ध्या दिवसात कापल्या असत्या. व्यापारी माणसाने वेळेचा हा हिशेब उधळपट्टी म्हणून मांडावा, पण वाचकाला त्यातून समाधान मिळते. बेचाळीस दिवसांनंतर फळी तयार असते. ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसते, बाजारभावाने तिची किंमत पडत नाही. कष्ट आणि फळ यांच्यामध्ये तिसरे कोणी उभे नसते.

या सुखाची मोहिनी किती दूरवर पोहोचली, हे पुढच्या दोन वाचकांवरून दिसते. रूसोने १७६२ सालच्या ‘एमिल’मध्ये आपल्या काल्पनिक शिष्याला दिलेले पहिले पुस्तक ‘रॉबिन्सन क्रूसो’ हेच आहे. बराच काळ त्या मुलाचे सारे ग्रंथालय एवढेच असावे, असे तो म्हणतो. एकट्या माणसाच्या गरजांवरून वस्तूंचे खरे मोल ओळखायला मुलाने शिकावे, हा त्याचा हेतू. शंभराहून अधिक वर्षांनी, १८६७ साली, कार्ल मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात क्रूसोला पुन्हा बोलावले. क्रूसो आणि त्याने स्वतः निर्माण केलेल्या वस्तू यांच्यातील नाते स्वच्छ आणि आरपार दिसणारे आहे, हे त्याला दाखवायचे होते. आधुनिक बाजारात वस्तूमागचे श्रम झाकले जातात, बेटावर ते उघडे असतात. अर्थशास्त्रज्ञांच्या क्रूसोप्रेमाची टिंगल करणाऱ्या मार्क्सलाही हे उदाहरण टाळावेसे वाटले नाही, हे विशेष.

आता संगणकाकडे वळू. तग धरण्याच्या खेळांची वंशावळ सांगताना फिनलंडच्या सामी मारानेन याचा ‘अनरियल वर्ल्ड’ हा १९९२ सालचा खेळ वगळता येत नाही. लोहयुगीन फिनलंडमधील अरण्यात सापळे लावणे, मासे सुकवणे, ओंडक्यांची झोपडी उभारणे, असा त्याचा व्यवहार आहे. चित्रे अत्यंत साधी, वेग संथ. पण हा प्रकार घराघरांत पोहोचवला तो ‘माइनक्राफ्ट’ने. स्वीडनच्या मार्कुस पर्सन याने मे २००९ मध्ये त्याचे पहिले रूप लोकांसमोर ठेवले, नोव्हेंबर २०११ मध्ये तो अधिकृतपणे पूर्ण झाला, २०१४ साली मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरांना विकत घेतली आणि २०२३ साली विक्रीचा आकडा तीस कोटी प्रतींच्या पुढे गेल्याचे जाहीर झाले.

आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने या खेळाच्या घडणीचा क्रम बोलका आहे. पहिल्या रूपात कसलेच संकट नव्हते. ठोकळे रचायचे आणि मोडायचे, एवढेच होते. त्याच वर्षी काही महिन्यांनी शत्रू आले, मग वस्तू घडवण्याची पद्धत आणि दिवस-रात्रीचे चक्र आले, भुकेचा हिशेब तर २०११ साली आला. केवळ शांतता हवी असती, तर पहिलेच रूप पुरेसे होते. आजही संकटांशिवाय खेळण्याची सोय त्यात आहे आणि ती वापरणारेही पुष्कळ आहेत. पण भुतांनी भरलेल्या रात्रीसह खेळणाऱ्यांना जी स्वस्थता मिळते, ती वेगळ्या जातीची असते. या खेळातला पूर्ण दिवस घड्याळाच्या वीस मिनिटांचा असतो. त्यातील सुमारे दहा मिनिटे ऊन आणि सातेक मिनिटे रात्र. अंधारात शत्रू उपजतात आणि जिथे मशाल लावलेली असते तिथे उपजत नाहीत. म्हणजे भीतीला नियम आहे. तो नियम कळतो, आणि स्वतःच्या हातांनी पाळता येतो. बाहेरच्या जगातील भीती अशी क्वचितच असते. परीक्षा होणार की नाही, नोकरी टिकणार की नाही, आजार कोणत्या दारातून शिरणार, या भीतींना मशाल दाखवता येत नाही.

या खेळाच्या संगीताचाही इथे उल्लेख केला पाहिजे. डॅनियल रोझेनफेल्ड या जर्मन संगीतकाराने दिलेले ते संथ, विरळ सूर अखंड वाजत नाहीत. बराच वेळ केवळ पावलांचा आणि कुदळीचा आवाज असतो, आणि मग केव्हातरी, काही घडलेले नसताना, पियानोचे चार स्वर येतात. २०२५ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने या संगीताच्या पहिल्या संग्रहाचा समावेश जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत केला. एका पिढीच्या संध्याकाळी त्या सुरांत साठलेल्या आहेत, याची ती एक प्रकारे पावतीच होय.

संकट आणि स्वस्थता यांचे हे नाते साहित्याला नवे नाही. किनाऱ्यावर उभे राहून दूरचे वादळ पाहण्यातील सुखाचा उल्लेख रोमन कवी ल्युक्रेशियसने आपल्या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गाच्या आरंभीच केलेला आहे. भय जेव्हा अंगावर येत नाही तेव्हा त्यातून एक प्रकारचा आनंद निपजतो, हे एडमंड बर्कने १७५७ साली उदात्ताची मीमांसा करताना सांगितले. पण आमच्या विषयाला सर्वांत जवळचे विवेचन फ्रेंच विचारवंत गास्तों बाशलार याच्या १९५७ सालच्या ‘पोएटिक्स ऑफ स्पेस’ या ग्रंथात सापडते. बाहेरचा हिवाळा जितका कडक तितके घर अधिक घर होते, असा त्याचा आशय आहे. बर्फ पडत नसेल तर शेकोटीला अर्थ उरत नाही.

२०१७ साली पूर्ण झालेला ‘द लाँग डार्क’ हा कॅनडातील खेळ म्हणजे या विचाराचे प्रात्यक्षिक म्हणावे लागेल. आकाशातील चुंबकीय उत्पाताने वीज गेलेली आहे, सर्वत्र बर्फ आहे, वाऱ्याचा घोंगाट आहे. पिशाच्चे नाहीत, लढाया नाहीत. बर्फ वितळवून पाणी उकळायचे, फाटलेला कोट शिवायचा, उरलेल्या काड्या मोजायच्या. त्याच्या सर्व्हायव्हल प्रकारात मूळ रूपात एकदा मेलात की तो प्रवास कायमचा पुसला जात असे. असे असूनही, हिमवादळात एखाद्या ओसाड झोपडीत शिरून दार लावल्यावर वाऱ्याचा आवाज जेव्हा अर्ध्यावर येतो, तो क्षण अनेक खेळाडूंना त्या खेळातील सर्वांत मोठे बक्षीस वाटतो. २०२१ सालच्या फेब्रुवारीत आलेल्या ‘व्हॅलहाइम’ या स्वीडिश खेळाने तर आराम ही मोजता येणारी गोष्ट करून टाकली. डोक्यावर छप्पर, जवळ आग, खाली कातडे, बसायला खुर्ची, अशा वस्तू वाढतील तसा आरामाचा आकडा वाढतो आणि विश्रांतीचा गुण अधिक काळ टिकतो. आग घरात पेटवली आणि धुराला वाट ठेवली नाही, तर गुदमरायला होते. पाच जणांनी केलेल्या या खेळाच्या साधारण महिनाभरात पन्नास लाख प्रती खपल्या. जगातील माणसे तेव्हा आपापल्या घरांत अडकून पडली होती, आणि त्यातील लाखो जण धुराडे कसे बांधावे याचा विचार करत होते.

या सुखाला मराठीत एखादे नाव असेल का, असा विचार करताना आम्हाला ‘बेगमी’ हा शब्द आठवला. मृगाआधी कोकणातील घरांत जी लगबग असे, म्हणजे छप्पर शाकारणे, लाकूडफाटा आत घेणे, सुकी मासळी, पापड, कडधान्ये डब्यांतून भरणे, तिच्यात कष्ट होते आणि धास्तीही होती. पण पहिला पाऊस कौलांवर वाजू लागल्यावर भरल्या घरात बसलेल्या माणसाला जे वाटे, ते नुसत्या सुरक्षिततेहून काही अधिक असे. येणाऱ्या संकटाकडे तयारीनिशी पाहण्याचे ते समाधान. या खेळांतील शांतता ही बेगमीची शांतता आहे.

म्हणूनच तिला वैराग्याशी जोडण्याची घाई करू नये. अरण्यात जाऊन शांती मिळवण्याची कल्पना आपल्या परंपरेत वानप्रस्थाच्या रूपाने आहे, पण तिथे अरण्यात जायचे ते सोडण्यासाठी. संग्रह कमी करायचा, घर मागे ठेवायचे. क्रूसो आणि त्याचे संगणकीय वंशज अरण्यात जातात ते संसार मांडण्यासाठी. त्यांच्या पेट्या भरत जातात, भिंती वाढत जातात, एका घराची दोन घरे होतात. क्रूसोनेही बेटाच्या आतल्या भागात आणखी एक निवारा उभारून त्याला आपले गावाकडचे घर म्हटले होतेच. अरण्य आहे, पण आश्रम गृहस्थाचा आहे. इतकेच की या गृहस्थाश्रमात दुसरे माणूस नाही.

हा अभाव या शांततेच्या मुळाशी आहे. कादंबरीतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग आठवा. अनेक वर्षे एकट्याने काढल्यानंतर क्रूसोला वाळूत एका माणसाच्या पावलाचा ठसा दिसतो. माणसासाठी झुरलेल्या या माणसाला आनंद व्हायला हवा. तो घाबरून पळत आपल्या तटबंदीत शिरतो, त्याची झोप उडते, आणि एका क्षणी तर स्वतःची कुंपणे मोडून पाळलेल्या शेळ्या रानात सोडून द्याव्यात, म्हणजे इथे कोणी राहते हे कळणार नाही, असे त्याच्या मनात येते. वादळाने, भूकंपाने, तापाने जे झाले नाही ते एका ठशाने झाले. त्याची बेगमी आता त्याला धीर देत नाही. उलट तीच त्याचा ठावठिकाणा सांगणारी खूण होऊन बसते.

खेळांच्या इतिहासात हा ठसा २०१२ साली उमटला. न्यूझीलंडच्या डीन हॉल याने एका युद्धखेळावर रचलेल्या ‘डेझेड’ मध्ये जिवंत प्रेते होती, भूक-तहान होती, पण खरी भीती होती ती त्याच भूमीवर हिंडणाऱ्या दुसऱ्या खेळाडूची. डब्यातील घेवड्यासाठी तो तुम्हाला ठार करील की सोबत करील, हे आधी कळण्याचा मार्ग नव्हता. पाठोपाठ २०१३ साली आलेल्या ‘रस्ट’मध्ये तर तुम्ही झोपलेले असताना इतरांनी तुमचे घर फोडावे, हा नित्याचा व्यवहार झाला. तेच लाकूड, तीच कुऱ्हाड, तीच भिंत, पण शांततेचा मागमूस नाही. मित्रांच्या ओळखीच्या टोळक्यात ती थोडीफार परत येते, हे खरे. अनोळखी माणूस आला की मात्र ती जाते. डिफोने कागदावर दाखवलेले यंत्रांनी पुन्हा सिद्ध केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

इथे आपल्याला थोडे अस्वस्थ व्हावे लागेल. कारण निर्जन भूमी ही जगात फारशी कधी नव्हतीच. क्रूसोचे जहाज फुटले तेव्हा तो कोठे निघाला होता, हे संक्षिप्त आवृत्त्या अनेकदा सांगत नाहीत. ब्राझीलमधील आपल्या मळ्यासाठी आणि शेजारच्या मळेवाल्यांसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणायला तो निघाला होता. त्याआधी, बंदिवासातून पळताना ज्या झुरी नावाच्या मुलाने त्याला साथ दिली, त्याला त्याने साठ नाण्यांना विकले होते. पुढे फ्रायडे भेटतो तेव्हा त्याला शिकवलेल्या पहिल्या शब्दांत ‘मालक’ हा शब्द आहे. स्वतःच्या हातांनी फळी करणाऱ्या माणसाच्या दोन्ही बाजूंना असे दुसऱ्यांचे हात आहेत. मधली वर्षे तेवढी निर्मळ दिसतात, कारण डिफोने बेट रिकामे करून ठेवले आहे.

हीच गोष्ट साध्या, अहिंसक रूपात अमेरिकेत थोरोच्या बाबतीत दिसते. ४ जुलै १८४५ रोजी तो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला. दहा फूट बाय पंधरा फुटांच्या झोपडीचा खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट आला, हे त्याने १८५४ सालच्या ग्रंथात पैनपै मांडले आहे. जमीन मित्र इमर्सनची होती. पहिली कुऱ्हाड उसनी आणलेली होती, हे थोरो स्वतःच सांगतो. आणि फळ्यांसाठी त्याने रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची खोपटी सव्वाचार डॉलरना विकत घेऊन मोडली. सकाळी सहा वाजता ते कुटुंब गाठोडे घेऊन रस्त्याने जाताना त्याला दिसले. स्वावलंबनाच्या घराला लागलेले लाकूड आदल्या रात्रीपर्यंत दुसऱ्याचे घर होते. थोरोचा प्रामाणिकपणा असा की त्याने हे दडवले नाही.

संगणकीय खेळात फळ्या कोणाच्याच घरातून येत नाहीत. झाड तोडले तरी कोणी बेघर होत नाही. या अर्थाने डिफोला आणि थोरोला जे साधले नाही ते या खेळांनी साधले आहे. त्यांची भूमी खरोखरच रिकामी आहे, कारण ती खरी नाही. पण कल्पना निरागस नसतात. अमर्याद, मालक नसलेली, केवळ आपल्यासाठी वाट पाहणारी जमीन हे वसाहतकाराचे जुने स्वप्न आहे, आणि ते मुलांच्या हाती खेळणे म्हणून आले तरी त्याचा वंश बदलत नाही. काही रचनाकारांना याची जाणीव असावी, असे दिसते. २०१८ साली पूर्ण झालेल्या ‘सबनॉटिका’ या सागरतळावरील खेळात बंदूक नाही. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेतील सँडी हूक शाळेत झालेल्या गोळीबारानंतर, जगात आणखी बंदुका वाढवायच्या नाहीत, म्हणून आपण हा निर्णय घेतला, असे त्याचे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलंड यांनी सांगितले आहे. परक्या समुद्रात तग धरायचा, पण त्याच्यावर राज्य करण्याचे साधन हाती नाही. क्रूसोच्या वंशातील ही एक महत्त्वाची दुरुस्ती आहे.

मग या शांततेला पलायन म्हणावे काय? शिक्षकांच्या खोलीत हा शब्द सहज उच्चारला जातो. आम्हीही तो उच्चारलेला आहे. पण पळणारा माणूस कोठे पळतो, याकडे पाहिले तर शब्दाची धार कमी होते. ही मुले कामाकडे पळत आहेत. खणणे, रचणे, शिजवणे, साठवणे, दुरुस्त करणे ही जगातील सर्वांत जुनी कामे ती स्वेच्छेने, तासन्‌तास करत आहेत. जे काम सुरू केले तेच आपल्या हातून पुरे होईल, आणि पुरे झालेले काम आपल्याला रात्री निवारा देईल, एवढीच त्यांची मागणी आहे. ही मागणी गैर नाही. खऱ्या जगात ती पुरी होत नाही, हे सांगणाऱ्या तक्रारअर्जासारखे हे खेळ वाचता येतात. सेलकर्कच्या आठशे पौंडांविषयीच्या उद्गारातही हीच तक्रार होती.

त्याच वेळी, हे सुख माणसे वगळून मिळवलेले आहे, हेही विसरता येत नाही. बेगमीची ती जुनी लगबग आठवताना आम्ही एक गोष्ट सांगायची राहिलो. ती एकट्याने होत नसे. कौले चढवायला शेजारी येत, पापड लाटायला आळीतल्या बायका जमत, आणि कोणाच्या घरी किती बेगमी झाली यावरून हेवेदावेही चालत. कोणाच्या वाट्याला किती काम आणि किती डबा, हा प्रश्न त्या घरांतही सुटलेला नव्हता. खेळातील शांतता हा प्रश्न सोडवत नाही. तो उद्भवणारच नाही अशी जागा ती काढते. तिच्यापासून शिकायचे ते काम आणि फळ यांच्या नात्याविषयी. वाळूतील ठशाचे काय करायचे, हे मात्र आपले आपल्यालाच शोधावे लागेल.

त्या वर्षी जुलैत आमच्या भाच्याचा निकाल लागला. न दिलेल्या परीक्षेचा तो निकाल होता आणि गुण चांगले होते. घरात पेढे आले. त्याने एक पेढा खाल्ला आणि म्हणाला, “हे माझे आहेत की नाहीत, तेच कळत नाही.” आमच्याजवळ उत्तर नव्हते. संध्याकाळी तो पुन्हा खेळायला बसला तेव्हा आम्ही शेजारी खुर्ची ओढून घेतली. त्याने डोंगराच्या कडेला बांधलेले घर आम्हाला फिरवून दाखवले. कोणती भिंत आधी उभी राहिली, कोणती दोनदा पडली, काचेसाठी वाळू कुठल्या नदीकाठून आणली, हे सारे त्याला पाठ होते. मग पडद्यावर सांज झाली. तो दार लावायला उठला, क्षणभर थांबला, आणि आम्हाला विचारले, “मामा, तू येतोस आत? दुसरी खाट करतो.”